एक गाणे, अनेक कंठ
(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून अमेरिकेतल्या एका प्रेमगीताविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु बंदिश एक आणि गवई अनेक हा व्यवहार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्या श्रोत्यांना हा विषय फार काळ परका वाटू नये. आपल्याकडे एखादी चीज अमक्याने गायिली म्हणून तमक्याने गाऊ नये असे कोणी म्हणत नाही. तिच्यावर छाप उमटते ती गाणाऱ्याच्या गळ्याची आणि तालमीची. मात्र ज्या समाजात गाणे ही तबकडीवर ठसवून दुकानात विकण्याची वस्तू झाली, तिथे एकच गाणे दुसऱ्या गळ्यातून आले की त्याबरोबर पैशाचा, श्रेयाचा आणि कित्येकदा कातडीच्या रंगाचाही प्रश्न येतो. इंग्रजीत अशा गायनाला 'कव्हर व्हर्शन' म्हणतात. मराठीत त्यास रूढ प्रतिशब्द नाही. 'पुनर्गायन' म्हटल्यास काम भागते, परंतु 'कव्हर' या शब्दात झाकून टाकण्याचा जो अर्थ दडलेला आहे तो त्यात उतरत नाही. आणि या कथेत नेमका तोच अर्थ महत्त्वाचा आहे.

गाणे आहे 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन', साल १९६६. गायक पर्सी स्लेज.

अलाबामा राज्यातील लेटन या गावी १९४० साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण आधी शेतावर राबला आणि पुढे शेफील्ड गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात परिचारकाचे काम करू लागला. रुग्णांची अंथरुणे बदलावीत, त्यांना इकडून तिकडे न्यावे आणि ते करताना गुणगुणावे, असा त्याचा दिनक्रम होता. शनिवार-रविवारी 'एस्क्वायर्स कॉम्बो' नावाच्या वाद्यवृंदाबरोबर तो महाविद्यालयांच्या मेळाव्यांत गाई. त्या वृंदात कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट हे दोन साथीदार होते, एक बास गिटार वाजवणारा व दुसरा ऑर्गनवर बसणारा. ही दोन नावे ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचे काम आहे.

गाण्याच्या जन्माची हकिकत स्लेजने पुढे अनेकदा सांगितली. प्रेयसी सोडून गेली होती, मन थाऱ्यावर नव्हते. एका कार्यक्रमात ठरलेली गाणी बाजूला सारून त्याने साथीदारांना कोणताही संथ सूर धरायला सांगितले आणि त्यावर मनातली व्यथा आळवली. त्या पहिल्या रूपात ती निव्वळ तक्रार होती: तू मला का सोडून गेलीस? शेफील्डमध्ये तबकड्यांचे दुकान चालवणारा, रेडिओवर निवेदन करणारा आणि 'नॉराला' नावाचा छोटासा ध्वनिमुद्रण कक्ष उभारलेला क्विन आयव्ही याच्या कानी ते पडले. त्याला चाल आवडली, शब्द तितकेसे आवडले नाहीत. शब्द नव्याने बांधले गेले आणि १९६६च्या प्रारंभी गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून नावे छापली गेली ती लुईस आणि राइट यांची. चाल मुळात आपलीच होती, पण आपण ती मित्रांना देऊन टाकली आणि तो निर्णय चुकला, असे स्लेज उत्तरायुष्यात सांगत असे. कागदावर मात्र ती दोन नावेच राहिली.

गाण्याच्या रचनेकडे साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे असे तिच्यात काही आहे. प्रथम जाणवते ते असे की या गाण्याला वेगळे ध्रुवपद जवळजवळ नाहीच. लोकप्रिय गाण्यात पुन्हा पुन्हा परतून येणारी, श्रोत्यांनी सोबत म्हणायची जी ओळ असते तिच्याऐवजी येथे शीर्षकाचे शब्दच कडव्याच्या आरंभी येतात आणि तिथून वाक्य पुढे सरकत जाते. दुसरी गोष्ट पुरुषवाचक सर्वनामाची. गाणे सुरू होते तृतीयपुरुषात. प्रेमात पडलेला कोणी एक पुरुष कसा वागतो, त्याला तिचा दोष कसा दिसत नाही, मित्राने चार शब्द सुनावले तर तो त्या मित्राकडेच कशी पाठ फिरवतो, गाठीचे असेल नसेल ते कसे उधळतो, याचे ते वर्णन आहे. वर्णन जवळपास नीतिकथेच्या थाटाचे; सांगणारा बाजूला उभा राहून शहाणपण सांगतो आहे असे वाटावे. मग मध्येच त्याचा तोल जातो आणि तो स्वतःचीच गोष्ट सांगू लागतो. पुन्हा सावरून तो त्या 'एका पुरुषा'कडे वळतो, पण आता उपयोग नसतो. तो पुरुष कोण हे श्रोत्याला कळून चुकलेले असते. इतरांविषयी बोलत असल्याचा बहाणा करून आपले दुःख सांगणे ही युक्ती कुठल्याही भाषेतल्या कवीला परकी नाही. येथे ती एका परिचारकाच्या तक्रारीतून, शब्द बदलता बदलता, हाती लागली. 'तू मला का सोडलेस' असा थेट प्रश्न तसाच राहिला असता तर हे गाणे एका माणसाचे राहिले असते. 'मी'ला मागे ढकलून 'एक पुरुष' पुढे आणला, आणि त्या रिकाम्या जागेत कोणत्याही गायकाला उभे राहण्याची सोय झाली. पुढे शेकडो गळ्यांतून ते का फिरले याचे एक कारण या व्याकरणात आहे.

संगीताची बांधणीही तशीच साधी आणि पक्की. स्पूनर ओल्डहॅमच्या ऑर्गनचे लांब, टिकून राहणारे सूर. रॉजर हॉकिन्सचा संयमी ताल. मार्लिन ग्रीनची मोजकी गिटार. आणि खालच्या स्वरांची पायरी पायरीने उतरत जाणारी चाल. हा उतार युरोपीय संगीताला जुनाच परिचयाचा आहे. सतराव्या शतकातील योहान पाखेलबेलच्या विख्यात 'कॅनन'मधील स्वरक्रमाशी त्याचे नाते सहज लक्षात येते. प्रार्थनामंदिरात वाजावा तसा ऑर्गन आणि त्यावर प्रार्थनेच्याच आवाजात मांडलेले लौकिक प्रेम. त्या काळच्या कृष्णवर्णीय 'सोल' गायनाचे हे मर्म होते. स्लेजचा आवाज वरच्या पट्टीत जाताना किंचित फाटतो. सुरेलपणाच्या कठोर कसोटीला तो दोष म्हणता येईल, पण तो फाटलेला कण काढून टाकला तर गाण्यात उरते काय, असाही प्रश्न पडतो.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. हे ध्वनिमुद्रण झाले ते अलाबामात, सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्याला वर्ष उलटते आहे अशा वेळी. आणि त्या छोट्या कक्षात कृष्णवर्णीय गायकाला साथ करणारे वादक होते गोरे. बाहेर ज्यांनी एका मेजावर जेवणे समाजाला रुचत नव्हते, ते आत एका तालात वाजवत होते. यावरून सर्व काही आलबेल होते असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. कक्ष कोणाचा, करार कोणाचा, तबकडी कोणाची हे प्रश्न दाराच्या आतही तसेच होते.

शेजारच्या मसल शोल्स गावातील 'फेम' ध्वनिमुद्रण कक्षाच्या रिक हॉलने न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीतील जेरी वेक्सलरला दूरध्वनी केला. वेक्सलर हा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मनुष्य. तरुणपणी तो 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकात बातमीदार होता. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीला ते पत्र 'रेस रेकॉर्ड्स' म्हणजे सरळ 'वंशाच्या तबकड्या' म्हणत असे. १९४९ साली त्या अशोभनीय नावाऐवजी वेक्सलरच्या सूचनेवरून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव रूढ झाले. नामांतराने वागणूक बदलते असे नाही. पण नाव तरी बदलले. अटलांटिकने गाणे घेतले. पितळी वाद्ये बेसूर लागली आहेत, पुन्हा मुद्रित करा, असे वेक्सलरने कळवले. तसे पुन्हा मुद्रण झालेही, आणि शेवटी चुकून जुनीच फीत बाजारात गेली, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, २८ मे १९६६ रोजी हे गाणे अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि तिथे दोन आठवडे राहिले. मसल शोल्स परिसरात मुद्रित झालेले, त्या स्थानावर गेलेले ते पहिले गाणे. पुढच्या वर्षी, १९६७च्या जानेवारीत, वेक्सलर अरीथा फ्रँकलिनला घेऊन त्याच परिसरात आला, यामागे या यशाचा वाटा होता.

आता पुनर्गायनाकडे वळू. त्याचा पूर्वेतिहास फारसा गोड नाही. १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय गायकाची तबकडी जरा चालू लागली की एखादी मोठी कंपनी तेच गाणे गोऱ्या गायकाकडून गाऊन घेई आणि गोऱ्या श्रोत्यांच्या रेडिओवर ते आधी पोचवी. फॅट्स डोमिनोचे 'एन्ट दॅट अ शेम' १९५५ साली पॅट बूनने गायिले आणि सर्वसाधारण यादीत पहिला क्रमांक बूनला मिळाला. लाव्हर्न बेकर या गायिकेच्या 'ट्वीडल डी'ची जॉर्जिया गिब्ज हिने जवळजवळ हुबेहूब नक्कल केली, तेव्हा बेकरने आपल्या विभागातील काँग्रेस सदस्याकडे लेखी गाऱ्हाणे मांडले: गाणे कोणीही गावे, पण त्याची मांडणी तशीच्या तशी उचलू नये. गाऱ्हाण्याचा उपयोग झाला नाही, कारण कायदा गिब्जच्या बाजूने होता.

तो कायदा समजून घेतल्याशिवाय स्लेजची कथा पुरी होत नाही. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यानुसार एकदा गाणे यंत्रावर मुद्रित झाले की ते पुन्हा मुद्रित करण्यास कोणासही मुभा होती. दर प्रतीमागे दोन सेंट रचनाकाराला दिले की झाले. रचनाकाराची परवानगी लागत नसे, आणि मूळ गायकाचा तर संबंधच नव्हता. दोन सेंटांचा हा दर १९७८ पर्यंत तसाच राहिला. ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संरक्षण मिळाले ते १९७२च्या फेब्रुवारीनंतरच्या तबकड्यांना. रेडिओवर गाणे वाजले तर तिथेही मोबदला रचनाकाराचा. गायकाला आणि वादकांना काही नाही. ही शेवटची गोष्ट अमेरिकेच्या साध्या रेडिओपुरती आजही, वारंवार प्रयत्न होऊनही, बदललेली नाही. तेव्हा १९६६ साली एका तरुण परिचारकाने दोन मित्रांना जे देऊन टाकले ते केवळ कौतुक नव्हते. ते गाणे पुढे ज्याने ज्याने गायिले, त्या प्रत्येक वेळचा वाटा त्यात होता.

आणि गायिले ते पुष्कळांनी. त्याच वर्षी एस्थर फिलिप्सने स्त्री-पुरुषांची अदलाबदल करून ते गायिले. १९७१ साली कॅरन डाल्टन या लोकसंगीत गायिकेने आपल्या 'इन माय ओन टाइम' या तबकडीत ते घेतले. डाल्टन हयातीत फारशी कोणाला माहीत नव्हती; १९९३ साली ती गेली आणि त्यानंतर तिचा शोध लागला. तिचे गायन ऐकताना असे वाटते की ती हे गाणे श्रोत्यांसाठी गातच नाही. स्लेज जिथे आकांत करतो तिथे ती कुजबुजते. शब्द उशिरा उच्चारते, जणू प्रत्येक शब्दाविषयी तिला शंका आहे. 'पुरुष असा वागतो' हे विधान स्त्रीच्या तोंडी, आणि तेही इतक्या थकलेल्या आवाजात आले की त्याचा अर्थच फिरतो. पुरुष असा वागत असेलही, पण आपल्या वाट्याला तसा कोणी आला नाही, असा एक न उच्चारलेला उत्तरार्ध ऐकू येतो. शब्द न बदलता अर्थ बदलणे हे पुनर्गायनाचे सर्वोच्च यश मानले तर या गाण्याच्या बाबतीत ते डाल्टनच्या पदरात टाकावे लागेल.

बेट मिडलरने १९७९च्या 'द रोझ' या चित्रपटात ते गायिले. जॅनिस जॉप्लिनच्या आयुष्यावरून सुचलेली, व्यसनाने पोखरलेली गायिका मिडलरने त्यात रंगवली. तिथे हे गाणे भर मैफिलीत, हजारो श्रोत्यांपुढे येते. तबकडीवर त्याआधी तिचे एक स्वगत आहे, स्त्रियांना उद्देशून, थट्टेचे आणि कडवट. त्यामुळे गाण्याच्या पहिल्या शब्दालाच उपरोधाची धार चढते आणि मग गाता गाता ती धार बोथट होऊन खाली नुसती आस उरते. नाट्य म्हणून ते प्रभावी आहे. गाणे म्हणून ऐकताना कधीकधी अभिनय जरा जास्त झाला असेही वाटते. आर्ट गारफंकलने १९८८ साली अगदी नितळ आवाजात ते गायिले. त्या नितळपणात व्यथा कुठे ठेवावी हे मात्र कळत नाही.

मध्यंतरी मूळ तबकडीलाच दुसरा जन्म मिळाला. १९८६च्या 'प्लॅटून' या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटात ती वाजली. त्यानंतर ब्रिटनमध्ये जीन्सच्या एका जाहिरातीमुळे १९८७ साली ती पुन्हा बाजारात आली आणि तेथील यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. पहिल्या क्रमांकावर होते बेन ई. किंगचे १९६१ सालचे 'स्टँड बाय मी', तेही त्याच मालाच्या जाहिरातीतून आलेले. १९९२ साली नील जॉर्डनने 'द क्राइंग गेम' या चित्रपटाचा आरंभच या गाण्याने केला. त्या चित्रपटात स्त्री कोण आणि पुरुष कोण या प्रश्नालाच पुढे मोठे वळण मिळते. त्यामुळे चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना ते साधे शीर्षक ऐकणाऱ्याला चमकवून जाते.

मायकेल बोल्टनचे गायन १९९१चे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच्या आवाजातले हे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. दोन वेगळ्या गायकांच्या कंठातून त्या स्थानी पोचलेल्या मोजक्या गाण्यांत त्याची गणना झाली. पुढच्या वर्षी त्यास उत्कृष्ट पुरुष पॉप गायनाचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. बोल्टनला गळा आहे, दमसास आहे, पट्टी आहे. हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्या गायनात आरंभापासून शिखर गाठण्याची घाई दिसते. स्लेजचा तोल मध्ये जातो, कारण तोपर्यंत त्याने तो सांभाळलेला असतो. ज्याने पहिल्याच ओळीत टाहो फोडला त्याला पुढे जाण्यास जागा कुठली? गंमत अशी की त्याच पारितोषिक समारंभात 'अनफर्गेटेबल' या जुन्या गाण्याचा रचनाकार आयर्विंग गॉर्डन याला सन्मान मिळाला. नॅटली कोलने आपल्या दिवंगत पित्याच्या मुद्रित आवाजाबरोबर गायिलेले ते गाणे, म्हणजे तेही पुनर्गायनच. वृद्ध गॉर्डनने व्यासपीठावरून, आरडाओरडा न करता गाता येणाऱ्या गाण्याची कदर झाली याबद्दल मिस्किलपणे समाधान व्यक्त केले. टोला कोणाला, हे सभागृहाने ओळखले.

त्याहून गंभीर योगायोग पुढे आहे. बोल्टनच्या ज्या संचात हे गाणे होते, त्याच 'टाइम, लव्ह अँड टेंडरनेस' नावाच्या संचात 'लव्ह इज अ वंडरफुल थिंग' हे दुसरे एक गाणे त्याने स्वतःचे व सहकाऱ्याचे म्हणून दिले होते. इस्ली ब्रदर्स या कृष्णवर्णीय बंधूंनी त्याच शीर्षकाचे गाणे १९६६ साली प्रसिद्ध केले होते. त्यांनी दावा लावला. १९९४ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, २००० साली अपिलातही तो टिकला, आणि भरपाईची रक्कम ५४ लाख डॉलरांच्या घरात गेली. आपण ते गाणे कधी ऐकलेच नव्हते, असे बोल्टनचे म्हणणे होते. ऐकलेले विसरून मनात राहिले असावे, ही शक्यता न्यायालयाने ग्राह्य धरली. एकाच संचात १९६६ची दोन गाणी: एक उघडपणे, शुल्क भरून घेतलेले, दुसरे नकळत घेतले असे ठरलेले. दुसऱ्याच्या मूळ गायकांना पैसा मिळाला, कारण ते रचनाकारही होते. पहिल्यातून मूळ गायकाला कायद्याने काही मिळायचे नव्हते.

आपल्याकडील ज्येष्ठ सभासदांना कॅसेटचे दिवस आठवत असतील. १९८०नंतर जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या, नव्या गळ्यांतल्या स्वस्त कॅसेटी रस्त्यारस्त्यावर मिळू लागल्या. आपल्या १९५७च्या कायद्यातील एका कलमाने दोन वर्षांनंतर अशा 'व्हर्शन'ला वाट ठेवली होती. २०१२च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची केली आणि गायकालाही मानधनात वाटा मिळण्याचा हक्क दिला. याबाबतीत भारताचा कायदा अमेरिकेच्या पुढे गेला असे म्हणण्यास हरकत नाही. अंमलबजावणीविषयी बोलायचे तर वेगळे व्याख्यान लागेल.

पर्सी स्लेज मात्र गात राहिला. 'वॉर्म अँड टेंडर लव्ह', 'टेक टाइम टु नो हर' अशी त्याची इतर गाणीही चालली, पण लोक ज्यासाठी तिकीट काढत ते गाणे एकच होते. २००५ साली रॉक अँड रोलच्या मानमंदिरात त्याची निवड झाली. १४ एप्रिल २०१५ रोजी लुईझियानातील बॅटन रूज येथे त्याचे निधन झाले. १९७२पूर्वीच्या तबकड्या संगणकीय माध्यमातून वाजवल्या गेल्यास त्यांच्या गायकांनाही मोबदला मिळावा, अशी तरतूद अमेरिकेत त्यानंतर तीन वर्षांनी, २०१८ साली झाली.